पुढचं रॉकेट कोणतं, हे ठरतं कसं?

नागपुरात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाने विचारलंय: "काका, एसएसएलव्ही, पीएसएलव्ही, जीएसएलव्ही, एलव्हीएम-३ आणि आता एनजीएलव्ही. इतकी रॉकेटं काहून पाहिजेत? डायरेक्ट स्पेसएक्सच्या स्टारशिपसारखं एकच मोठं, परत येणारं का नाही बनवून राहिले? पुढचं कोणतं बनवायचं हे ठरवतं कोण? आणि मला यात काम करायचं असेल तर आत्ता काय शिकू?"

"ठरवतं कोण" याचं उत्तर लहान आहे. आराखडा इस्रो मांडते, अवकाश आयोग तो तपासतो आणि पैसे केंद्रीय मंत्रिमंडळ मंजूर करतं. एनजीएलव्हीला, म्हणजे पुढच्या पिढीच्या नव्या मोठ्या रॉकेटला, सप्टेंबर २०२४ मध्ये ८,२४० कोटी रुपये मंजूर झाले. त्यात तीन विकास उड्डाणं धरली आहेत आणि मुदत ९६ महिन्यांची आहे. ही झाली फायलीची वाट. तुला खरं विचारायचंय ते हे की फायलीत जो आराखडा जातो, तो कशावरून बनतो. निवृत्त होईपर्यंत मी याच कामात होतो: कोणता टप्पा किती मोठा, कोणतं इंजिन कुठे, किती वजन कोणत्या कक्षेत. त्यामुळे त्या बाजूनेच सांगतो.

आधी तुझा प्रश्न सोडवून घेऊ, कारण त्यात दोन वेगळे प्रश्न गुंतलेत. "मोठं का नाही" हा एक आणि "परत येणारं का नाही" हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या आकड्यांवर उभी आहेत. पहिल्याचं उत्तर एका खेपेला किती वजन न्यायचं यावर, दुसऱ्याचं वर्षातून किती खेपा करायच्या यावर. माझ्या अनुभवात चर्चेचा बहुतेक वेळ पहिला आकडा खातो, आणि योजना फसते ती दुसऱ्यावर.

कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा हंगाम लागला की ट्रकवाला आधी विचारतो: माल किती, जाणार कुठे, रोज की आठवड्यातून एकदा? गाडी कोणती हे त्यानंतर. रॉकेटचंही तसंच. आपला माल बघ. पृथ्वी न्याहाळणारे उपग्रह ध्रुवांवरून जाणाऱ्या सूर्य-समकालिक कक्षेत जातात. त्यांना पीएसएलव्ही पुरतं, जे त्या कक्षेत पावणेदोन टनांच्या आसपास नेतं. दळणवळणाचे उपग्रह मात्र जड होत गेले. एलव्हीएम-३ भूस्थिर हस्तांतर कक्षेत, म्हणजे उंच भूस्थिर कक्षेकडे जाण्याच्या मधल्या वाटेवर, साधारण चार टन नेतं. जीसॅट-११ चं वजन ५,८५४ किलो, म्हणून ते २०१८ मध्ये युरोपच्या एरियन-५ वरून गेलं. ४,७०० किलोचं जीसॅट-एन२ नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या स्पेसएक्सच्या फाल्कन-९ वरून गेलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये एलव्हीएम-३ ने सुमारे ४,४१० किलोचा सीएमएस-०३ नेला, पण त्याच्या पुढे ओढाताणच आहे. तेव्हा पाच टनांची गरज खरी आहे, आजची आहे.

मग एनजीएलव्हीचा ३० टनांचा आकडा आला कुठून? तो उपग्रहांसाठी नाही. तो निम्न, म्हणजे पृथ्वीजवळच्या, कक्षेतला आकडा आहे, आणि त्यामागे २०३५ पर्यंतचं भारतीय अंतरिक्ष स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर माणूस ही दोन उद्दिष्टं आहेत. म्हणजे पाच टनांची गरज आणि तीस टनांची गरज या दोन वेगळ्या गरजा आहेत. एकाच रॉकेटने दोन्ही भागवायला गेलो तर पाच टनवाल्या उपग्रहाच्या माथी तीस टनांच्या रॉकेटचा खर्च बसतो, नाहीतर पुरेसे ग्राहक एकाच वेळी तयार होईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं. छोटे उपग्रहवाले मोठ्या रॉकेटमध्ये दाटीवाटीने जातात आणि स्वस्तात जातात, हे खरं. फक्त मग कक्षा आणि तारीख दुसऱ्याची असते. ज्याला स्वतःची हवी, त्याच्यासाठी एसएसएलव्ही: ५०० किमीवर ५०० किलोपर्यंत.

वजनाची गरज भागवायला रॉकेटच मोठं करावं लागतं असंही नाही. चांद्रयान-४ बघ. नऊ टनांच्या वर वजन आहे, आणि ते दोन एलव्हीएम-३ मध्ये विभागून पाठवून कक्षेत जोडायचं ठरलंय. जानेवारी २०२५ मध्ये स्पेडेक्सच्या दोन उपग्रहांची जोडणी झाली ती याच कौशल्यासाठी. दुसरी युक्ती जागेची. श्रीहरिकोट्याहून दक्षिणेला सरळ उडालं तर वाटेत श्रीलंका येते, म्हणून ध्रुवीय कक्षेला जाणारं रॉकेट आधी पूर्वेकडे जाऊन मग वळतं. त्या वळणात इंधन जातं आणि छोट्या रॉकेटला ते फार महाग पडतं. तमिळनाडूतल्या कुलशेखरपट्टणमला नवा तळ होतोय, तिथून एसएसएलव्ही सरळ दक्षिणेला जाईल. रॉकेटचा एक नटही न बदलता वजन वाढतं! (नागपूर देशाच्या मध्यावर आहे, मग इथून का नाही, हा प्रश्न मला इथे दर लग्नसमारंभात येतो. रिकामे झालेले टप्पे खाली पडतात, आणि ते भंडारा-गोंदियावर पडलेले कुणाला चालणार नाहीत. पूर्वेला समुद्र लागतो.)

आता इंजिनाकडे येऊ. सगळ्यात जास्त वेळ मी इथे घेणार आहे, कारण रॉकेटचं वेळापत्रक म्हणजे इंजिनाचं वेळापत्रक. बाकीचा सांगाडा, टाक्या, इलेक्ट्रॉनिक्स पाच-सहा वर्षांत उभं करता येतं. इंजिन तुमचं ऐकत नाही.

तारखा बघ. क्रायोजेनिकचं, म्हणजे अतिथंड द्रव हायड्रोजन आणि ऑक्सिजनवर चालणाऱ्या इंजिनाचं, तंत्रज्ञान रशियाकडून मिळणार होतं. अमेरिकेच्या दबावाखाली १९९३ मध्ये ते थांबलं, तयार टप्पे तेवढे मिळाले. १९९४ मध्ये आपला कार्यक्रम सुरू झाला. आपल्या इंजिनाचं पहिलं उड्डाण एप्रिल २०१० मध्ये फसलं आणि जानेवारी २०१४ मध्ये यश आलं. वीस वर्षं झाली. सेमीक्रायोजेनिक इंजिन, म्हणजे द्रव ऑक्सिजन आणि शुद्ध केरोसीनवर चालणारं २,००० किलोन्यूटनचं एसई-२०००, याला २००८ मध्ये मंजुरी मिळाली. त्याच्या मुख्य भागाची पहिली यशस्वी ज्वलन चाचणी महेंद्रगिरीला मार्च २०२५ मध्ये झाली, अडीच सेकंदांची. हे कुणाला नावं ठेवायला सांगत नाही. टर्बोपंपाच्या एका टोकाला उणे १८३ अंशांचा ऑक्सिजन आणि जवळच शेकडो अंशांचा वायू, तोही ऑक्सिजनने भरलेला. अशा वायूत धातूचा कणसुद्धा पेट घेतो. तो धातू, ते लेपन, ते सील हे सगळं आपलं आपणच शोधायचं असतं, कारण हे कुणी विकत नाही.

आता उलट उदाहरण. फ्रान्सशी १९७४ मध्ये झालेल्या करारातून विकास इंजिन आलं. १९९३ मध्ये ते पीएसएलव्हीतून पहिल्यांदा उडालं. आज पीएसएलव्हीचा दुसरा टप्पा, जीएसएलव्हीच्या बाजूला लावलेले चार बूस्टर आणि दुसरा टप्पा, एलव्हीएम-३ च्या मधल्या टप्प्यातली जोडी, सगळीकडे विकासच आहे. एका इंजिनावर तीन रॉकेटं आणि तीस वर्षांहून जास्त काळ. घन इंधनाच्या बाजूलाही तेच झालं. एसएलव्ही-३ चं काम ४० किलोचा उपग्रह नेण्याचं होतं. त्याच्या पहिल्या टप्प्याची मोटार पुढे एएसएलव्हीला बाजूने लावली, मग पीएसएलव्हीलाही लावली. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा जीएसएलव्हीचा गाभा झाला. बाहेरून बघणाऱ्याला पाच रॉकेटं दिसतात. आत बसलेल्याला चार-पाच इंजिनं दिसतात, वेगवेगळ्या रचनेत मांडलेली. "इतकी काहून" याचं निम्मं उत्तर इथे आहे.

त्यामुळे दूरची योजना करताना माझा पहिला प्रश्न असायचा: पंधरा वर्षांनी हातात कोणतं इंजिन असेल, आणि ते किती ठिकाणी बसेल? एलव्हीएम-३ चं पुढचं पाऊल याच हिशोबाचं आहे. मधला विकासवाला टप्पा काढून तिथे सेमीक्रायो, वरचा क्रायो टप्पा थोडा मोठा, आणि भूस्थिर हस्तांतर कक्षेत पाच टनांच्या वर. पाच टनांची गरज नव्या रॉकेटशिवाय भागते. यात एक पेच आहे, बातम्यांत तो येत नाही. गगनयानसाठी हेच रॉकेट माणसांना नेण्याजोगं म्हणून तपासून घेतलंय. माणूस बसणार म्हटलं की तपासलेल्या रचनेला कुणी हात लावू देत नाही, आणि लावूही नये. म्हणजे एकाच नावाची दोन रॉकेटं काही वर्षं शेजारी शेजारी चालवायची. कारखाना तोच, माणसं तीच, कागदपत्रं दुप्पट.

एनजीएलव्हीत मात्र इंधन बदलतंय: द्रव ऑक्सिजन आणि मिथेन. केरोसीन जळताना काजळी धरतं. परत वापरायच्या इंजिनात ती साफ करत बसावी लागते. मिथेन बरंच स्वच्छ जळतं. शिवाय ते उणे १६१ अंशांना द्रव होतं, ऑक्सिजनच्या जवळ, त्यामुळे दोन टाक्यांमधला उष्णतेचा प्रश्न सौम्य होतो. हायड्रोजनमध्ये ताकद सगळ्यात जास्त, पण एक घनमीटर द्रव हायड्रोजनचं वजन ७१ किलो आणि मिथेनचं चारशेच्या वर. पहिल्या टप्प्यात हायड्रोजन भरायचा तर टाकीच राक्षसासारखी होते. वरच्या टप्प्याला तो शोभतो.

आणि एकच दांडगं इंजिन न लावता अनेक मध्यम इंजिनांचा जुडगा का? उतरण्यासाठी. समज, रिकामा बूस्टर, म्हणजे परत आणायचा खालचा टप्पा, ३० टनांचा आहे आणि एसई-२००० चा जोर साधारण २०० टनांचा. तो ६० टक्क्यांवर आणला तरी १२० टन उरतो. बूस्टर उतरायचा सोडून परत वर निघेल. फाल्कन-९ मध्ये नऊ इंजिनं आहेत आणि उतरताना शेवटी एकच चालू असतं. एलव्हीएम-३ चे घन इंधनाचे बूस्टर तर पेटल्यावर ना कमी-जास्त करता येत, ना पुन्हा पेटवता येत. म्हणून "एलव्हीएम-३ लाच पाय लावा" ही सूचना ऐकायला छान असली तरी होण्यासारखी नाही. परत येणारं हवं तर मुळातून नवं रॉकेट लागतं.

आता पैशाचं गणित. आकडे मी समजावण्यापुरते घेतोय, कोणत्याही खऱ्या रॉकेटचे नाहीत. समज उड्डाणाचा खर्च १००. त्यात बूस्टर ६०, वरचा टप्पा ३०, उड्डाणाची कामं १०. टाकाऊ रॉकेट १० टन नेतं, म्हणजे टनामागे १०. आता बूस्टर परत आणायचा. उतरायला इंधन राखून ठेवायचं, पाय, पंख, सगळ्याचं वजन. वाहण्याची क्षमता ७ टनांवर येते. हे प्रमाण मी हवेतून घेतलेलं नाही. भूस्थिर हस्तांतर कक्षेसाठी फाल्कन-९ चे जाहीर आकडे बूस्टर टाकून दिला तर ८.३ टन आणि परत आणला तर ५.५ टन असे आहेत. पुढे, बूस्टर दहा वेळा वापरला तर दर खेपेला त्याचे ६, डागडुजीचे ९, समुद्रातून आणण्याचे ५, वरचा टप्पा ३०, कामं १०. एकूण ६०, भागिले ७, टनामागे साडेआठच्या जवळ. फायदा आहे, पण लोकांना वाटतो तेवढा नाही. आणि तोच बूस्टर तीनदाच वापरता आला तर? त्याचे २० पडतात, एकूण ७४, टनामागे साडेदहा. टाकाऊपेक्षा महाग!

अजून एक गोष्ट या गणितात दिसत नाही. वर्षाला चार उड्डाणं आणि बूस्टर दहा वेळा चालणार, म्हणजे नवा बूस्टर अडीच वर्षांतून एक. वेल्डिंग करणाऱ्याचा हात, तपासणाऱ्याची नजर, छोटे पुरवठादार हे सगळं अडीच वर्षं रिकामं ठेवून टिकत नाही. टिकवायचं तर पगार द्यावाच लागतो, आणि तो खर्च फिरून त्याच चार उड्डाणांवर येतो. अमेरिकेचं स्पेस शटल परत यायचंच की! १९८१ ते २०११ या काळात १३५ उड्डाणं झाली, वर्षाला सरासरी पाचही नाहीत, आणि ते कधीच स्वस्त पडलं नाही. फाल्कन स्वस्त पडतं कारण २०२४ या एका वर्षात ते १३० हून जास्त वेळा उडालं, आणि त्यातला मोठा भाग स्पेसएक्सचेच इंटरनेट पुरवणारे स्टारलिंक उपग्रह होते. आपण अजून एकाही वर्षात दहा उड्डाणं केलेली नाहीत.

म्हणून माझं मत असं की एनजीएलव्हीचं यश ३० टनांवर मोजू नये. सरकारी निवेदनात म्हटलंय की एलव्हीएम-३ च्या तिप्पट वजन, दीडपट खर्चात. हे गाठायचं तर वर्षाला निदान आठ-दहा खेपांचा माल आधी बांधून ठेवावा लागेल. स्थानकाची रसद, देशी उपग्रहसमूह, परदेशी ग्राहक, काहीही. तो माल कुठून येणार हा प्रश्न रॉकेट बनवणाऱ्यांच्या हातात नाही, आणि योजनेतला सगळ्यात कच्चा दुवा मला तोच वाटतो. बूस्टर उतरवणं जमेल. ते शेवटी अभियांत्रिकीचं काम आहे.

यात बरंच परिस्थितीवर आहे, हे मोकळेपणाने सांगतो. उद्या शेकडो उपग्रहांचा देशी समूह मंजूर झाला तर वरचं गणित उलटं होईल आणि मीच म्हणेन की दहा वेळा काय, वीस वेळा वापरता येईल असं बनवा. स्थानकाचं वेळापत्रक पुढे सरकलं तर घाई कमी होईल. खासगी कंपन्यांनी छोट्या रॉकेटांचं काम पूर्ण उचललं तर इस्रोची माणसं मोठ्यासाठी मोकळी होतील. एसएसएलव्हीचं तंत्रज्ञान एचएएलकडे (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) द्यायचं २०२५ मध्ये ठरलंच आहे. अशा वेळी योजनेत काय गोठवायचं आणि काय उघडं ठेवायचं, हेच खरं कसब. मी असतो तर इंजिनाचा आकार, टाकीचा व्यास आणि लाँचपॅड आज गोठवले असते, कारण ते नंतर बदलत नाहीत. श्रीहरिकोट्याच्या तिसऱ्या लाँचपॅडला जानेवारी २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, मुदत ४८ महिन्यांची. तो एनजीएलव्हीसाठी आहे आणि सेमीक्रायोवाल्या एलव्हीएम-३ लाही चालेल असा आखलाय, हे शहाणपणाचं झालं. बूस्टर किती वेळा वापरायचा, वरचा टप्पा कोणता, बाजूला किती बूस्टर, हे उघडं ठेवलं असतं.

आणि जुनी रॉकेटं का मोडीत काढत नाहीत? युरोपकडे बघ. एरियन-६ चा निर्णय डिसेंबर २०१४ मधला. फाल्कनचा बूस्टर पहिल्यांदा उतरला डिसेंबर २०१५ मध्ये, म्हणजे निर्णयाची शाई वाळते न वाळते तोच बाजार बदलला. एरियन-५ चं शेवटचं उड्डाण जुलै २०२३ मध्ये झालं आणि एरियन-६ जुलै २०२४ मध्ये उडालं. मधल्या वर्षात त्यांचं वेगा-सी अपघातानंतर जमिनीवर होतं आणि रशियाचं सोयूझ युद्धामुळे गेलेलं. युरोपने आपली युक्लिड दुर्बीण आणि नंतर गॅलिलिओचे उपग्रहसुद्धा फाल्कनवरून पाठवले. आपल्याकडेही मे २०२५ मध्ये पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा दगा देऊन गेला. अशी तपासणी काही महिने चालते. सगळा माल एकाच रॉकेटवर असेल तर तेवढे महिने देशाचं उड्डाणच बंद. नवं दोन-तीनदा नीट उडेपर्यंत जुन्याला हात लावायचा नाही, हा नियम महाग आहे आणि तरी मी तो पाळेन.

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं. नागपुरात राहून काय होणार असं वाटून घेऊ नको. स्कायरूट या खासगी रॉकेट कंपनीचं धवन-२, द्रवरूप नैसर्गिक वायू आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारं इंजिन, एप्रिल २०२३ मध्ये २०० सेकंद चालवून बघितलं ते इथेच, सोलर इंडस्ट्रीजच्या चाचणी केंद्रावर. त्यांच्या घन इंधनाच्या मोटारींच्या चाचण्याही तिथे झाल्या. उष्मागतिकी, द्रवगतिकी आणि धातुशास्त्र हे तीन विषय पासापुरते करू नको. त्यातही धातुशास्त्र, कारण मेकॅनिकलची मुलं तेच सोडून देतात आणि इंजिनं तिथेच अडतात.

आणि या सुट्टीत एक काम कर. स्प्रेडशीटमध्ये दोन टप्प्यांचं रॉकेट मांड. निम्न कक्षेसाठी तोटे धरून ९.४ किमी प्रतिसेकंद वेग लागतो असं घे. पहिल्या टप्प्याचा विशिष्ट आवेग सेमीक्रायोचा ३३५ सेकंद, वरच्याचा क्रायोचा ४४२. त्सिओलकोव्हस्कीचं समीकरण तुला येतंच. आधी वरच्या टप्प्याचं रिकामं वजन ५०० किलोने वाढव आणि पेलोड किती घटतो ते लिहून ठेव. मग तेच ५०० किलो पहिल्या टप्प्यात टाकून बघ. दोन्ही आकड्यांत मोठा फरक दिसला नाही तर सूत्रात कुठेतरी चूक आहे. त्यानंतर पहिल्या टप्प्यातलं दहा टक्के इंधन उतरण्यासाठी बाजूला ठेव आणि दोन टप्प्यांमध्ये वेगाची वाटणी बदलत जा. कोणत्या वाटणीला नुकसान सगळ्यात कमी होतं ते सापडलं की शीट इथे टाक, मी बघतो.